पाण्याची अडचण

"तुमच्याकडची माणसं जरा वाढवूनच सांगतात, बाई. दोन शब्दांत बसवा."

उपासनेआधी, दहा-बारा जणांसमोर, मंडळीचे सचिव मला म्हणाले. शेजारीच माझा भाऊ आणि वहिनी उभे होते. पेठच्या पुढच्या डोंगरातून पहिल्या एसटीने आलेले. सचिवांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नाशिकच्या आमच्या चर्चमधली प्रार्थना-विनंत्यांची यादी अकरा वर्षं मी करते. कोणाचा व्हिसा, कोणाचा गुडघा, कोणाच्या फ्लॅटचा ताबा. एकही नाव माझ्याकडून सुटलेलं नाही. त्या दिवशी मी लिहिलं होतं : भाऊ घरात प्रार्थना घेतो म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलंय, विहिरीवर पाणी भरू देत नाहीत.

सचिवांनी ती ओळ खोडली. वर लिहिलं, 'एका कुटुंबास पाण्याची अडचण.'

आणि मी ते तसंच टाइप केलं. माझ्याच हाताने.

उपासनेत एसी नीट चालत नव्हता. पुढच्या रांगेतल्या बाई कागदाने वारा घेत कुजबुजल्या, "काय हा छळ!" मग गादीच्या बाकांवर सगळ्यांनी डोळे मिटले. पाण्याच्या अडचणीलाही आमेन मिळालं.

उपासनेआधी त्या दहा-बारा जणांत असलेले निवृत्त इंजिनियर पुढच्या बाकावरून मागे वळले. प्रेमाने भावाला म्हणाले, "बोअर मारून घ्या ना. आमच्या फार्महाऊसला दीडशे फुटांवर लागलं."

भावाने मान खाली घातली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, विहीर भरलेली हाय. आम्हाला भरू देत नाय. तू ह्यांना सांगितलंस तरी काय?"

मी उठले आणि सरळ माइकपाशी गेले.

"बाई, आशीर्वाद व्हायचाय अजून," सचिव म्हणाले.

"यादीत चूक आहे," मी म्हणाले. "अडचण पाण्याची नाही. माझ्या भावाला प्रभूच्या नावामुळे पाणी मिळत नाही. मी खोटं टाइप केलं."

माइक बंद झाला. मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी छत.

बाहेर पायऱ्यांवर सचिवांनी आम्हाला गाठलं. "यादी आता दुसऱ्याकडे देऊ. आणि यांनीही थोडं जुळवून घ्यावं. मनातल्या मनात प्रार्थना केली तर कोण अडवतंय?"

"मंग तुम्ही पण मनातच करा की, साहेब," वहिनी म्हणाली. "येवढं मोठं मंदिर कशाला बांधलं?"

सचिव गाडीची किल्ली शोधू लागले.

शनिवारी दुपारच्या गाडीने मी गावी जाणार आहे. रविवारी भावाच्या ओट्यावर उपासनेला बसणार. ती संपली की हंडा घेऊन विहिरीवर. त्या विहिरीवर माझ्या आईने जन्मभर पाणी भरलं. ज्याला अडवायचं असेल त्याने माझ्या तोंडावर, माझं नाव घेऊन अडवावं. रिकामा हंडा घेऊन मी परत फिरणार नाही.