गुनवोरच्या नावावर

स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेल्या बोल्नेस गावात गुनवोर रूडबेर्गला गुनवोर म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो तिचा नवरा होता. बाकी सगळ्यांच्या त्या ‘बाई’. शाळेत त्या शिवणकाम शिकवत. मधल्या काळात सगळ्या देशानं एकमेकांना अरे-तुरे करायचं ठरवलं, बँकेतला पोरगा मॅनेजरला तू म्हणू लागला, पाद्रीसुद्धा खपवून घेऊ लागले. बाईंनी मात्र ते वर्गाच्या दाराबाहेरच ठेवलं. टाका चुकला तर उसवायचा, हात सरळ ठेवायचा आणि मास्तरणीला बाई म्हणायचं, हे तीन नियम त्यांनी शिकवले. शिकलेल्या पिढ्या पुढे टक्कल पडून आजोबा झाल्या तरी दुकानात बाई दिसल्या की खिशातले हात बाहेर काढत.

नवरा सिक्स्टेन नळकाम करी. दुकान बरं चाले. माणूस मनानं चांगला होता, पण त्याच्या डोक्यात घोडा होता. त्या भागात तो बहुतेक पुरुषांच्या डोक्यात असतो. बाईंच्या डोक्यात एक घर होतं. तळ्याकाठी, लाल लाकडाचं, पांढऱ्या चौकटींचं, उन्हाळ्यात जाऊन राहण्यापुरतं. लग्नाला पंचवीस वर्षं व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात सिक्स्टेन गूढ हसू लागला, फोनवर हळू आवाजात बोलू लागला आणि एकदा जेवताना म्हणाला, “यंदा तुझ्या नावावर काहीतरी करणार आहे.”

बाईंनी काही विचारलं नाही. चार खिडक्यांचे पडदे मात्र शिवून ठेवले, निळ्या चौकड्यांचे.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी सिक्स्टेननं टाय लावला आणि बाईंना गाडीत बसवलं. तळ्याकडे वळणारा रस्ता आला. गाडी सरळ पुढे गेली. बाईंना वाटलं, दुसरं एखादं तळं असेल, तळ्यांना तिकडे तोटा नाही. गाडी थांबली ती हालवारच्या तबेल्यापाशी. हालवार हा शर्यतीचे घोडे तयार करी आणि स्वतःच हाकी. एके काळी तो बाईंच्या वर्गातला सगळ्यात वाईट काजं करणारा मुलगा होता. त्यानं टोपी काढली आणि आत नेलं. गवतावर तपकिरी रंगाचं, ओल्या नाकाचं शिंगरू उभं होतं. पायांचं काय करायचं हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

“तुझ्या नावावर,” सिक्स्टेन म्हणाला. “म्हणजे तुझंच नाव. गुनवोर. कागदावरसुद्धा चढलं.”

बाईंनी शिंगराकडे पाहिलं. शिंगरानं बाईंच्या कोटाची बाही चावली.

पडदे शाळेच्या नाटकाला देऊन टाकले. तळ्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. नाव बदलून घे, एवढंच बाई म्हणाल्या. सिक्स्टेन बघतो म्हणाला, आणि नळवाला बघतो म्हणतो तेव्हा काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो बघेपर्यंत घोडी पहिली शर्यत पळली, आणि पळलेल्या घोड्याचं नाव बदलत नाहीत.

त्या शर्यतींत घोड्यानं दुडक्या चालीनंच पळायचं असतं, मागे दोन चाकांची हलकी गाडी आणि तीत हाकणारा. घोडा चौखूर उधळला की बाद, मग तो कितीही पुढे असो. आणि गुनवोर उधळे. तिला वळण आवडत नसे, पाऊस आवडत नसे, शेजारून कोणी पुढे गेलेलं तर मुळीच आवडत नसे. सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर गावचं वर्तमानपत्र पडलेलं असे: ‘गुनवोर पुन्हा बिथरली.’ ‘गुनवोरचा तोल सुटला.’ एकदा तर, ‘गुनवोरचा आता तरुणांमध्ये निभाव लागणं कठीण.’ बाई आत आल्या की कोणीतरी त्यावर कॉफीचा कप ठेवी. बाई कप उचलून बातमी वाचत, कप होता तिथे ठेवत आणि वर्गावर जात.

तबेल्यात हालवारचीही अडचण झाली होती. घोडीला रोज चार शब्द ऐकवल्याशिवाय तिचे खूर साफ होत नसत, आणि ते शब्द त्या नावाला जोडताना त्याची जीभ अडे. शेवटी त्यानं मध्यममार्ग काढला. इतर घोड्यांना तो वाटेल ते बोले, गुनवोरला मात्र अहो-जाहो करी. “बाई, पाय उचला. बाई, चावू नका.” पाहुणे हसत. घोडी तरीही चावे.

मग कधीतरी, का ते कोणालाच सांगता आलं नाही, घोडी शहाणी झाली. तिनं उधळणं सोडलं. आधी बोल्नेसला जिंकली, मग आसपासच्या सगळ्या ठिकाणी, मग नॉर्वेत जाऊन तिथल्या लोकांची तोंडं उतरवून आली. वर्तमानपत्राची भाषा बदलली. ‘गुनवोरचं सौंदर्य पिकत्या वयात खुललं’ असं एका सोमवारी छापून आलं, आणि त्या दिवशी टेबलावर कोणी कप ठेवला नाही. बाई कधी शर्यतीला गेल्या नव्हत्या आणि जाणारही नव्हत्या.

त्या वर्षी एप्रिलमध्ये एका दुपारी घरचा फोन वाजला. पलीकडचा आवाज वयस्कर, स्टॉकहोमचा, जुन्या वळणाचा. जुन्या वळणाची माणसं समोरच्याला तू म्हणणं टाळायला त्याच्याशीच त्याच्या नावानं बोलत, जणू तो तिसराच कोणी आहे. बाईंना ती रीत फार आवडे.

“गुनवोर कशी आहे?” आवाजानं विचारलं.

“बरी आहे,” बाई म्हणाल्या.

“हिवाळा कसा गेला तिला?”

“गुडघा जरा धरला होता. आता काही नाही.”

“ऐकून बरं वाटलं. आणि खाणंपिणं?”

बाई थांबल्या. त्यांना उलगडा झाला, आणि झाल्याबरोबर रिसीव्हर आपटायला हवा होता. पण पलीकडचे गृहस्थ अदबीनं बोलतच राहिले. मे महिन्याच्या अखेरीला सोलवल्लाच्या मैदानावर एलिटलॉपेट ही वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत आहे, म्हणाले. फ्रान्सचे, इटलीचे, अमेरिकेचे घोडे येतात, पण तिथे कोणाला आपण होऊन येता येत नाही, बोलावणं लागतं. मंडळींची फार इच्छा आहे की यंदा गुनवोरनं यावं. ती आली तर सगळ्यांनाच आनंद होईल.

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणातला बर्फ वितळून काळा पडला होता. पन्नाशी उलटून गेली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी कुठे अशा शब्दांत बोलावलं नव्हतं.

“गुनवोर येईल,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सिक्स्टेन घरी आला तो हातात केक घेऊन, तोंडभर हसत. त्यानं तोंड उघडण्याआधीच बाईंनी सांगून टाकलं की गुनवोर सोलवल्लाला जाणार, शब्द दिला आहे. सिक्स्टेन केक मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. त्याचा रंग उतरला होता. बाईंना वाटलं आनंदानं असेल.

“तुला तर तिचं नाव काढलेलं चालत नाही,” तो म्हणाला.

“बोलावलं आहे. बोलावलं की जावं.”

जेवण झाल्यावर तो दुकानात काहीतरी विसरलंय असं सांगून बाहेर पडला आणि बऱ्याच वेळानं आला. केक कशासाठी होता ते बाईंनी विचारलं नाही.

सोलवल्लाला त्या रविवारी कडक ऊन होतं. उत्तरेकडून आलेली माणसं दोन दिवस आधीपासून गाड्यांना जोडलेल्या फिरत्या घरांत मुक्कामाला होती. घडीची टेबलं, खारवलेला मासा, बियर, उघडे लालभडक खांदे. बाई चर्चला जाताना घालायचा कोट घालून आल्या होत्या. घोडीला त्यांनी दुरून पाहिलं. घोडीनं पाहिलं नाही.

आधी दोन फेऱ्या होतात, प्रत्येकीतले पहिले चार त्याच दुपारी अंतिम शर्यतीत उतरतात. गुनवोर आपल्या फेरीत सहावी येत होती. पण शेवटी पुढचे दोघे एकमेकांच्या ईर्ष्येनं उधळले, बाद झाले, आणि ती चौथी ठरली. सिक्स्टेननं अनोळखी माणसाला मिठी मारली. बाई म्हणाल्या की दुसऱ्याचा टाका चुकला म्हणून आपली शिवण चांगली होत नाही. पण त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

गर्दीचा जीव अशाच घोड्यावर जडतो, जो तिथे असायला नको होता. अंतिम शर्यतीला घोडे निघाले तेव्हा कुठूनतरी एक टोळकं ओरडू लागलं, मग दुसरं, आणि मग कठड्यापासून वरच्या काचेच्या सज्जापर्यंत सगळे एका तालात ओरडू लागले. गुन-वोर, गुन-वोर. ज्या नावाला बाईंनी जन्मभर घराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं ते हजारो उघड्या गळ्यांतून, बियरच्या वासासकट, त्यांच्या अंगावर आलं. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. शेजारी टोपी घातलेला एक जाडा माणूस होता. तो बाईंना म्हणाला की म्हातारी चांगली आहे, पण इतक्या मोठ्या घोड्यांत तिचं काम नाही, तिनं घरी बसावं.

“तिचं वय आठ आहे,” बाई म्हणाल्या, “आणि घरी कोणी बसायचं ते ती ठरवील.”

दोन्ही बाजूंनी पंखांसारखी फाटकं पसरलेली मोटार घोड्यांना मागे घेऊन निघाली, वेग घेऊन बाजूला झाली आणि शर्यत सुटली. पुढे काय चाललं आहे ते बाईंना कळत नव्हतं. धूळ, चाकं, रंगीत टोप्या. शेवटचं वळण संपलं तेव्हा मात्र कळलं, कारण सिक्स्टेननं त्यांचा हात गच्च धरला. बाहेरच्या बाजूनं तपकिरी डोकं पुढे सरकत होतं. तिसरी, दुसरी. फ्रेंच घोड्याच्या बरोबरीला आली. तिची चाल इतकी स्वच्छ होती की बाईंना एकदम यंत्राची सरळ शिवण आठवली. आणि त्याच वेळी त्यांना दिसलं की हालवारचा उजवा कोपर बाहेर येतो आहे. शाळेत यायचा तसाच.

त्या कठड्याशी गेल्या आणि ओरडल्या, “हालवार! हात सरळ!”

अख्खं बोल्नेस ओळखतं असा तो आवाज होता. घोडी एका मानेनं पुढे होती. लगाम क्षणभर ढिला पडला, घोडीनं डोकं वर टाकलं आणि पुढचे दोन्ही पाय एकदम उचलून ती चौखूर सुटली. शेवटची रेघ तिनं सगळ्यांच्या आधी ओलांडली, चांगली घोडाभर पुढे. लोक नाचत होते. मग भोंग्यातून आवाज आला की गुनवोर बाद.

नाव थांबलं. एवढी माणसं एका वेळी गप्प होऊ शकतात हे बाईंना शाळेबाहेर पहिल्यांदाच दिसलं. सिक्स्टेन पंचांकडे निघाला होता, त्याला त्यांनी बाहीला धरून थांबवलं.

“चाल सोडली,” त्या म्हणाल्या. “चाल सोडली की बाद. त्यात बोलायचं काय?”

परतीच्या वाटेवर घोडी मागे होती आणि पुढे तिघं दाटीनं. हालवार गाडी चालवत होता. उप्साला गाव मागे पडलं. मग सिक्स्टेन म्हणाला की घर गेलं. कुठलं घर, बाईंनी विचारलं. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. एप्रिलमधल्या त्या दिवशी त्यानं घोडी एका नॉर्वेजियन माणसाला विकायचं कबूल केलं होतं, हातावर हात मारला होता, आणि त्या पैशातून तळ्याकाठचं घर ठरवलं होतं. केक त्यासाठीच होता. फोनचं ऐकल्यावर त्यानं त्या माणसाला शर्यतीपर्यंत थांबायला लावलं. तो आज प्रेक्षकांत हजर होता. ऐन वेळी कच खाणारी घोडी नको म्हणाला आणि निघून गेला.

“घराचं तोंड कुठल्या बाजूला होतं?” बाईंनी विचारलं.

“पश्चिमेला.”

पश्चिमेलाच हवं होतं. मग बाई हालवारला म्हणाल्या, “लगाम ढिला पडला.”

“पडला, बाई.” हालवारनं रस्त्यावरची नजर काढली नाही. “तुमचा आवाज आला. मला वाटलं, मी काज करतोय.”

सिक्स्टेननं खिडकीकडे तोंड वळवलं. त्याचे खांदे हलत होते. रडतोय असं बाईंना आधी वाटलं. तो हसतोय हे कळल्यावर त्या म्हणाल्या की यात हसण्यासारखं काही नाही, आणि पुढच्या वळणाला त्यांनाच इतकं हसू फुटलं की हालवारला गाडी कडेला घ्यावी लागली.

गावात तिघांपैकी कोणी काही सांगितलं नाही. वर्तमानपत्रानं लिहिलं की गुनवोरच्या जुन्या स्वभावानं ऐन वेळी उचल खाल्ली. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, “बरोबर लिहिलं आहे.”

घोडी त्यानंतर पळली नाही. पुढच्या वर्षी तिला शिंगरू झालं, आणि ज्यानं नावांचा हा घोळ घातला त्याला या वेळी कोणी विचारलं नाही. नाव कळवायचं काम बाईंनी स्वतः केलं. सिक्स्टेन हा घोडा दिसायला राजबिंडा होता, खायला पुढे असे आणि स्वभावानं इतका गोड की कोणी मागून आलं तर बाजूला होऊन वाट देई. फक्त घोड्या दिसल्या की त्याचं कामात लक्ष लागत नसे. तिसऱ्या वर्षी हालवारनं डॉक्टरांना बोलावलं. बातमी सोमवारी आली. ‘खच्ची केल्यापासून सिक्स्टेनच्या वागण्यात सुधारणा.’

नळाच्या दुकानात त्या आठवड्यात गिऱ्हाईक फार होतं. ज्यांचा नळ गळत नव्हता तेही येऊन गेले. सिक्स्टेननं सगळ्यांना वॉशर विकले.

बाई आता बुधवारी संध्याकाळी बोल्नेसच्या शर्यतींना जातात, कठड्यापासून जरा दूर बसतात. सिक्स्टेन हा घोडा शेवटून पहिला किंवा दुसरा येतो. त्याच्या नावानं त्या कधी ओरडत नाहीत. हालवार मात्र त्यांच्या समोरून जाताना कोपर आत घेतो.