बोरमाळेची केस आणि आईने भरलेली ओटी

आज दुपारी कर्जत कोर्टात निकाल लागला. सागर आणि मी, दोघंही निर्दोष... खालापूरला घरी येईपर्यंत हा माणूस बाइकवर नुसता गात होता, तोही बेसूर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही पळून जाऊन लग्न केलं आणि कळंबला माझ्या बाबांनी पोलिसात तक्रार दिली. सागरने पोरीला पळवलं आणि दोघांनी मिळून तिच्या आईची सोन्याची बोरमाळ चोरली, अशी.

पळवण्याचं लगेच बारगळलं. मी सज्ञान, वर तोंडाने फटकळ... माझ्या पायांनी गेले, असा जबाब देऊन मोकळी झाले. पण बोरमाळ माझ्याच गळ्यात होती. चोरीची केस राहिली. शिक्षा झाली असती तर सागरची माथेरानच्या हॉटेलातली नोकरी गेली असती.

खरं काय ते मला, आईला आणि सागरलाच ठाऊक. त्या पहाटे बाबा डेअरीत दूध घालायला गेले होते. मी बॅग घेऊन मागच्या दाराने निघाले, तर आई तिथे उभी... हातात हळदीकुंकू. "ओढणी धर," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे ओटी भरतात ती लग्न झालेल्या लेकीची, सासरी निघताना. मी तर अजून बिनलग्नाची. तरी तिने ओढणीत तांदूळ, नारळ, खण घातला. स्वतःची बोरमाळ काढून माझ्या गळ्यात घातली आणि दार लावून घेतलं.

हे मी वकिलांनाही सांगितलं नाही. आईला त्याच घरात राहायचं होतं ना... सागर यावरून खूप चिडायचा आणि त्याचं चुकत नव्हतं.

गेल्या तारखेला सरकारी वकिलांनी आईला साक्षीला उभं केलं. मागच्या बाकावर बाबा आणि काका. ती बाबांचंच बोलणार हे मी धरून चालले होते.

"चोरी कसली वो?" आई म्हणाली. "मीच घातली तिच्या गळ्यात. लेक सासरी चालली व्हती, ओटी भरून धाडली."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलंत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मला बाईला कुनी इचारलंच नाय. सगळं बापयांनाच इचारलं."

जज मॅडमनी मान खाली घातली... हसू लपवायला असावी. मी मात्र तिथेच हमसाहमशी रडले.

बाहेर आल्यावर आई सरळ माझ्याकडे आली, पिशवीतून नारळ, खण आणि तांदळाची पुडी काढली आणि रिकामी पिशवी बाबांच्या हातात दिली. "पदर धर गं. तवा लपून भरली व्हती. आता बगू दे सगळ्यांना."

वकील, पोलीस, काका, चहावाला... सगळ्यांदेखत तिने माझी ओटी भरली. बाबा पिशवी धरून उभे होते.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नारळ, खण, तांदूळ तिने कळंबहूनच आणले होते. म्हणजे येताना जीपमध्ये बाबांशेजारी बसली होती तेव्हाच तिचं ठरलेलं होतं.

लोक अजून म्हणतात, कळंबची पोरगी पळून गेली. म्हणू देत... मला माझ्या आईने ओटी भरून सासरी पाठवलंय, आणि तसं तिने कोर्टात सांगितलंय.