अंबूबाई आणि स्टँडवरचा पोपट

कुंडलच्या अंबूबाई शाळू हुरड्यात आला की रानातल्या लाकडी माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवतात. गोफणीत दगड नसतो, मातीचं ढेकूळ असतं. ते हवेतच फुटतं, पोपटांचा थवा उठतो आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसतो. बांधालगतची ओळ त्या कापतच नाहीत, ती पाखरांची. त्यांच्या हातून आजवर एकही पोपट मेलेला नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आणि सांगलीच्या एका पक्षीप्रेमी मंडळानं काय केलं? कुंडलच्या एसटी स्टँडवर भलामोठा फ्लेक्स लावला. एका बाजूला इंग्रजी अमलात कुणा साहेबानं काढलेलं लाल डोक्याच्या पोपटाचं शास्त्रीय चित्र, पीस न् पीस रंगवलेलं. दुसऱ्या बाजूला गोफण उगारलेल्या अंबूबाई. खाली अक्षरं : ‘हे हात थांबवा.’

रविवारी अंबूबाईंच्या नातीला बघायला पाहुणे येणार होते. उतरणार याच स्टँडवर.

माझं टाळकं सटकलं. मंडळाचा अध्यक्ष ऋषिराज याला फ्लेक्सखालीच गाठून विचारलं, बाईंना विचारून फोटो काढलास का? तर म्हणे, रस्त्यावरून काढलाय, त्यात काय विचारायचं. मी पोपटाच्या चित्राकडं बोट केलं.

“हा पोपट साहेबापुढं इतका गप कसा बसला रं?”

तो म्हणाला, “तेव्हा पक्षी मारूनच चित्र काढायचे.”

“मग मारणाऱ्याचं चित्र मिरवतोस, आणि हाकलणारी गुन्हेगार व्हय?”

उपकार केल्यासारखी त्यानं अंबूबाईंच्या डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवली. पेपरात आरोपीला असते तशी! आता अनोळखी माणसंही थांबून विचारू लागली, म्हातारीनं केलं तरी काय?

शनिवारी अंबूबाई विळा घेऊन आल्या. मी चढतो म्हटलं, तर मला शिडी धरायला लावली आणि स्वतः वर गेल्या. ऋषिराज खालून पोलिसांची भीती घालत होता. म्हटलं, तक्रारीत माझं नाव आधी घाल. अंबूबाईंनी फ्लेक्सवरून फक्त स्वतःला कापून काढलं. पोपटाला विळा लागू दिला नाही.

“तुजं पाखरू ऱ्हाऊ दे बाबा,” खाली उतरून त्या म्हणाल्या. “मी माजी मला घिऊन चालले.”

गुंडाळी काखेत मारून त्या रानाकडं गेल्या. पाहुणे उतरले तेव्हा पोपटाशेजारी नुसतं भोक होतं.

मंडळानं अजून माफी मागितलेली नाही. ऋषिराज माझा फोन उचलत नाही. मी लावायचा सोडत नाही.