सईबाईनं घेतलेलं नाव

सईबाईनं आपल्या एकुलत्या एका लेकाचं नाव जन्मात उच्चारलं नव्हतं. त्यात तिचा काही दोष नाही. तंजावरी घराण्याची रीत अशी, की थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे शिव शिव! सासरे तुळजाजी, म्हणून लेकही तुळजाजी. सईबाई त्याला अप्पू म्हणायची. शाळेत घालायला नेलं, मास्तरांनी नाव विचारलं, तर या बयेनं शेजारच्या ज्ञानमणीला पुढं ढकललं. सासरे केव्हाच गेले, पण माजघरातल्या तसबिरीत मिशा पिंजारून बसले होते आणि सुनेकडं डोळे वटारून बघत होते.

ज्ञानमणी ही रायपेट्टैच्या त्या गल्लीतली एकटीच ख्रिस्ती. सगळी गल्ली तिला पाट्टी म्हणायची, म्हणजे तमिळात आजी. तरुणपणी ती घरोघर बायबल वाचून दाखवत हिंडली. पाय थकले तेव्हा तिनं सगळी घरं आपल्या ओट्यावर आणली. रोज दिवेलागणीला ओट्यावर बसायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि मोठ्यानं देवाकडं मागायची. आधी राज्यकर्त्यांसाठी. मग देवाला न मानणाऱ्यांसाठी. मग गल्लीसाठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घरागणिक आणि माणसागणिक नाव घेऊन. शेवटी म्हणायची, "आणि या ओट्यावरच्या म्हातारीला विसरू नको. आमेन."

पहिल्यांदा लोक हसले. मग कृष्णाजी पेन्शनर काशीला गेले आणि एका संध्याकाळी पाट्टीच्या तोंडी त्यांचं नाव आलंच नाही. बायकोचं आलं, मुलांचं आलं, मधलं गळलं. बायको भांडायला गेली तर म्हातारीच गोंधळली. पुढं काशीहून तार आली. मग सोडावाल्याचं नाव गळलं, आणि सकाळी त्याचं दार फोडावं लागलं.

"मी कुणाला गाळत नाही गं," पाट्टी सईबाईला म्हणाली. "आमच्यात मेलेल्यासाठी मागत नाहीत, जित्यांसाठीच मागायचं. पण कोण जितं, कोण नाही, मला काय ठाऊक? तोंड आपलं आपण पुढं सरकतं."

तेव्हापासून दिवेलागणीला गल्लीतल्या फोडण्या थांबायच्या, रेडिओ बारीक व्हायचे. दारादारांत माणसं आपापलं नाव ऐकायला उभी. समोरच्या माडीवर चंद्रमौळी राहायचा. काळा सदरा घालून देव नाही म्हणून चौकाचौकात भाषणं द्यायचा. एकदा वारा उलटा होता, त्याला नाव नीट ऐकू आलं नाही, तर गडी धडाधडा जिना उतरून खाली! "पाट्टी, माझं घेतलं ना?"

"देवाला न मानणाऱ्यांत एकदा आणि गल्लीत एकदा, दोनदा घेतलं. जा, जेव."

अशात बासष्टची लढाई आली. अप्पू सैन्यात, तिकडं वर बर्फात. आधी त्याची पत्रं थांबली, मग सरकारी कागद आला: बेपत्ता. मेला नाही, जिवंत नाही, बेपत्ता. सईबाईच्या नवऱ्यानं, राणोजींनी, तो कागद घडी घालून देवघरात ठेवला आणि ते चीनला शिव्या देत गल्लीभर फिरू लागले. सईबाईनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ती संध्याकाळची वाट बघायची. "राणोजी, सईबाई, तुळजाजी," असं पाट्टीच्या तोंडून आलं, की घरात जाऊन भात टाकायची. त्या तीन शब्दांवर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तगायची.

आणि नेमकी त्या तीन शब्दांवरच राणोजींनी कुऱ्हाड घातली. कारण पाट्टी राज्यकर्त्यांसाठी मागायची, ती दिल्लीच्याही आणि पेकिंगच्याही! एके संध्याकाळी राणोजी ओट्यापुढं उभे राहिले. हे स्वतःला राजघराण्यातले म्हणवायचे. कुठल्या बाजूनं, ते गल्लीत कुणी विचारत नसे.

"पाट्टी, माझा मुलगा तिकडं, आणि तू त्या चिन्यांचं भलं मागतेस?"

"शहाणपण मागते रे तम्बी, माझ्या भावा. सगळ्या राजांसाठी मागा, असं आम्हाला सांगितलंय. आवडते तेवढे निवडून घ्या, असं नाही सांगितलं."

"मग या गल्लीत मोठ्यानं मागायचं नाही! घरात बसून मागा काय ते!"

म्हातारी हळूच उठली, आत गेली, दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गल्ली दारात उभी राहिली आणि ओटा रिकामा. असा शुकशुकाट पडला, की नारळाच्या झावळ्या घासल्याचा आवाज ऐकू यायला लागला. सईबाई मधल्या भिंतीला कान लावून बसली. पलीकडं म्हातारीची कुजबुज चालली होती. घरामागून घर सरकत होतं, पण नाव म्हणून एक कळेना. 'राणोजी' असावं, 'सईबाई' असावं, आणि पुढं? पुढं काहीतरी होतं, की नव्हतं? ती तशीच उठली आणि नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अहो, तोंडातले दात कुणी बसवले?"

राणोजी गडबडले. कारण गल्लीला जे ठाऊक होतं ते असं, की त्यांची कवळी नाक्यावरच्या चिनी दातवाल्यानं केली होती.

"चिन्याच्या दातांनी भात चावता, आणि चिन्यासाठी मागितलेलं चालत नाही? उद्या जा, तिला ओट्यावर आणून बसवा. मला माझ्या पोराचं नाव ऐकायचंय."

सकाळी राणोजी गेले, तर पाट्टी जमिनीवर पडलेली. वाचा गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर आले, मान हलवून गेले. चर्चमधल्या बाया येऊन बसल्या. सईबाईनं दुपारी पेज पाजली आणि कानाशी लागून म्हणाली, "पाट्टी, एकदाच. त्याचं नाव." म्हातारीचे ओठ नुसते थरथरले. मग तिनं चांगल्या हातानं दाराकडं दाखवलं. ओट्याकडं. आणि मग सईबाईच्या तोंडाकडं.

नाव आता सईबाईनंच घ्यायचं होतं.

दिवेलागण झाली. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. पाट्टीला झोप लागली, म्हणून चर्चमधल्या बाया घरी गेल्या होत्या. सईबाई ओट्यावर बसली, पदर डोक्यावरून घेतला. हात कसे जोडायचे ते ठाऊक नव्हतं, देवघरात जोडते तसेच जोडले. मागं दार अर्धवट उघडं, आत अंधार. गल्ली दारादारांत थिजली. राणोजी समोर पायरीवर, मिशी खाली झुकलेली.

इतकी वर्षं ऐकलेलं, सगळं पाठ होतं. दिल्लीचे राज्यकर्ते आले. पेकिंगचे आले, राणोजींनी मान खाली घातली. देवाला न मानणारे आले. मग घरं. वादिराज, त्याची बायको गोदा, पोरं. चंद्रमौळी. घरं सरत चालली, तिचा आवाज बारीक होत गेला. मग ती सगळ्यांत शेवटी आपल्या घरापाशी आली.

"हे... हे समोरच बसलेत देवा, तूच बघून घे." एरवी गल्ली खो-खो हसली असती. "मी सईबाई. आणि..."

जीभ हलेना.

तसबिरीतले सासरे आडवे आले, की तोंड आपलं आपण पुढं सरकत होतं? रीत अडवत होती, की पोरगं गेलं होतं? वाचा गेलेल्या म्हातारीसारखे तिचे ओठ नुसते थरथरले. राणोजी पायरीवरून अर्धे उठले.

"आणि तु... तुळजाजी!"

ती इतक्यांदा म्हणाली की मोजायची सोय राहिली नाही. "तुळजाजी, देवा, तुळजाजी, माझा तुळजाजी!" धाप लागली तेव्हा थांबली. आणि मागून, अर्धवट दारातून, स्पष्ट आवाज आला:

"आमेन."

सगळ्यांनी ऐकला. चंद्रमौळीनंसुद्धा. गोदा आनंदानं ओरडली, "पाट्टीला वाचा आली!"

वादिराज मात्र जागचा हलला नाही. "सईबाई," तो हळूच म्हणाला, "ओट्यावरच्या म्हातारीचं राहिलं."

राहिलं होतं खरं. रोज ऐकलेलं, जिभेवर बसलेलं, आणि आलंच नव्हतं.

दिवा घेऊन सगळे आत गेले. पाट्टी भिंतीकडं तोंड करून निजली होती. राणोजींनी हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. गार होता, आणि बोटं ताठलेली. म्हातारी तासाभरापूर्वीच गेली असावी, निदान.

"मग आमेन कोण म्हणालं?" चंद्रमौळीनं विचारलं.

सईबाई मटकन खाली बसली. गळलेलं नाव खरं ठरलं होतं. म्हणजे आलेलं नावही खरं. तिनं ते गार पाय छातीशी धरले आणि रडू लागली. मेलेल्या माणसाजवळ इतक्या आनंदानं रडणारी बाई रायपेट्टैनं त्याआधी पाहिली नव्हती.

"तुळजाजी," ती म्हणत होती. "पाट्टी, ऐकलंस ना? तुळजाजी."