लकव्याचं घर

शहागडला हायवेच्या कडेला दैवशालाची खानावळ आहे. नवरा भारत गल्ल्यावर बसतो आणि ती तव्यापुढे. ट्रकवाले तिच्या ज्वारीच्या भाकरीसाठी आणि ठेच्यासाठी मुद्दाम गाडी वळवतात. आवाज मोठा, बोलणं फटकळ, अंगानं धडधाकट. पोटऱ्यांत गोळे यायचे, हात कधी कधी गळून जायचे. पण दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला एवढं व्हायचंच, असं ती धरून चालायची.

तिचं माहेर घनसावंगीजवळच्या एका खेड्यातलं. गावात त्यांच्या घराला लोक माघारी ‘लकव्याचं घर’ म्हणायचे. आजोबा चालत्या मोटेजवळ कोसळले ते उठलेच नाहीत. वडलांचं तोंड एका सकाळी दाढी करता करता वाकडं झालं, आणि चाळिशीही न गाठता ते खाटेवरच गेले. थोरल्या चुलत्याचंही तेच झालं. कुणी म्हणायचं बाहेरचं आहे, कुणी म्हणायचं दारूनं झालं. वडलांनी दारूला कधी हात लावला नव्हता, पण सांगणार कुणाला? घरात हा विषय काढायचाच नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. पोरी उजवायच्या होत्या.

मग पाळी धाकट्या भावाची आली. देवानंद ट्रॅक्टर चालवायचा, साऱ्या गावाची नांगरट करायचा. एका पेरणीला त्याला धाप लागायला लागली, तोंड सुजलं. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की बीपी कित्येक वर्षं वाढलेलं असणार, आणि त्यानं दोन्ही किडन्या निकामी केल्यात. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बायको सगुणाबाईच्या मागं शेत आणि लेकरं, म्हणून सोबतीला दैवशाला जायची. ती शहागडहून जीपनं अंबडला यायची, देवानंद गावाकडून यायचा, आणि तिथून दोघं बसनं जालन्याला.

मशीनवर पडलेल्या भावाचा पिवळट चेहरा बघून बघून एक दिवस ती डॉक्टरांना म्हणाली, “माझी एक काढा न् ह्याला लावा. रक्ताची भैन हाय मी.”

तपासण्या सुरू झाल्या. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, मग पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. दोनशेच्या वर बीपी होतं.

“चक्कर येते का? डोकं दुखतं?”

“मला काय धाड भरलीया?” दैवशाला हसली.

पण डॉक्टर हसले नाहीत. तिची किडनी घेता येणार नाही, उलट तिलाच आता जपावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. आजवर तिनं भावाला धीर दिला होता. त्या दिवशी दंडाला बँडेज लावलेला देवानंदच तिच्याजवळ टेकला. “आक्का, जाऊ दे ना. तू यून राह्यली सोबत, तेवढं बस झालं.”

त्याच पायरीवर अर्पिता तिला भेटली. डॉक्टर अर्पिता मूळची जाफराबादची. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत काम करायची. बीपी आणि किडनीचे आजार काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का उतरतात, हा तिचा अभ्यास. त्यासाठी ती जालन्याच्या दवाखान्यात येऊन जायची. दैवशालाचा रिपोर्ट तिच्या नजरेस पडला होता. कुठलंही औषध चालू नसताना रक्तातलं पोटॅशियम फार कमी होतं.

“ताई, पायात गोळे येतात का?”

“येतात की. आमच्यात सगळ्यांलाच येतात.”

“सगळ्यांना म्हणजे?”

दैवशालानं तिच्याकडे बघितलं. जे घरात कधी बोलले नव्हते ते तिनं त्या परक्या बाईला सगळं सांगून टाकलं. आजोबा, वडील, चुलते. अर्पिता वहीत टिपून घेत राहिली. शेवटी म्हणाली, “मला तुमच्या सगळ्या घराचं रक्त तपासायला मिळेल का?”

“आमच्या रक्तानं तुमचं नाव होईल. आमचं काय?”

“नाव होईल, खोटं नाही बोलणार. तुमचं काय होईल ते आज नाही सांगता येत. पण माझ्या मनात एक शंका आहे. ती खरी निघाली तर त्यावर गोळी आहे.”

हे सरळ उत्तर दैवशालाला पटलं. पुढच्या आठवड्यात ती अर्पिताला घेऊन माहेरी गेली. बायका आधी तयार झाल्या, मग काही बाप्ये. अर्पितानं प्रत्येकाला समजावून सांगितलं की नावं कुठंही छापली जाणार नाहीत, आणि ज्याला नको त्यानं खुशाल नको म्हणावं. अडला तो रामप्रसाद, थोरल्या चुलत्याचा मुलगा. त्याच्या मुलीची, शिवकन्याची, सोयरीक नुकतीच जमली होती.

“दवाखान्याची गाडी दारात उभी राह्यली की गाव काय म्हणल?” तो ओसरीवरूनच ओरडला. “तुझं झालं लग्न, म्हणून तुला सुचून राह्यलं हे. जाय इथून!”

“दादा, काका गेले तव्हा तू केवढा होता, आठव जरा.”

“जाय म्हणलं ना!”

ती गेली. 

पण चार-पाच दिवसांनी शिवकन्याच खानावळीत येऊन उभी राहिली. अंबडच्या कॉलेजला जाते म्हणून घरातून निघाली होती. “आत्या, माझं रक्त घ्यायला लाव. मला सारखं गळून गेल्यावानी व्हतं. लग्नाआधी मला कळायला पायजे.” ती सज्ञान होती. दैवशाला तिला घेऊन जालन्याला गेली. परतताना मात्र दादाला तोंड कसं दाखवायचं, याचीच तिला काळजी लागून राहिली.

हैदराबादहून निकाल यायला पावसाळा उलटला. अर्पिता स्वतः आली आणि खानावळीच्या मागच्या खोलीत बसून तिनं सांगितलं. आपण खातो त्या मिठातलं जास्तीचं मीठ किडनी बाहेर टाकते. या घरातल्या काहींच्या जनुकात एक चूक आहे. त्यामुळे मीठ परत आत ओढणारी दारं उघडीच राहतात. मीठ साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम वाहून जातं. आईबापांपैकी एकाकडून मुलाला हे येऊ शकतं, आणि नाहीही येत.

“म्हणजे कुणाचं केलेलं न्हाई हे?” भारतनं विचारलं.

“नाही. कुणाचा शाप नाही, कुणाची दारू नाही.”

दैवशालात ती चूक होती, देवानंदातही. तिच्या दोन मुलींपैकी थोरलीत नव्हती, धाकटीत होती. धाकटीचं ऐकून ती उठून मोरीपाशी गेली आणि उगाच तांब्या घासत राहिली. अर्पिता मागोमाग आली. “ताई, तुमच्या वडलांना कुणी वेळेवर सांगितलं नाही. हिला आपण आत्ताच सांगतोय.”

गोळी जुनीच आणि साधी होती. बीपीच्या नेहमीच्या औषधांत ती कुणी देत नाही, एवढंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दैवशालानं ती सुरू केली, मीठ तोडलं, स्वतःच्या ताटातला ठेचाही बंद केला. महिन्याभरात बीपी उतरलं. पोटऱ्यांतले गोळे गेले, तेव्हा तिचा खरा विश्वास बसला.

“मंग देवानंदला पण द्या ना,” ती म्हणाली.

“त्याला ती आता चालणार नाही. किडनीच काम करत नसल्यावर ही गोळी जिवावर बेतेल.” अर्पिता थोडी थांबली. “पण त्याच्यासाठी दुसरी एक गोष्ट आहे. दोष किडनीत आहे, बाकी शरीरात नाही. दोष नसलेली किडनी बसली तर त्याचं हे दुखणंही जाईल. म्हणून ती या घराबाहेरून आलेल्या माणसाची असली तर बरं.”

आतापर्यंत सगळ्यांनी रक्ताची माणसंच मोजली होती. सगुणाबाईला कुणी विचारलंच नव्हतं. दैवशालानं सांगितलं तेव्हा ती खुरपं खाली ठेवून म्हणाली, “आक्का, मी कव्हाची वाट पाहून राह्यले. म्हणलं, मला कुणी माणसात धरतंय का न्हाई.”  दैवशालानं बांधावरच भावजयीला मिठी मारली.

सगुणाबाईच्या तपासण्या जुळल्या. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी नवी किडनी चालू होऊन देवानंदच्या लघवीची पिशवी भरलेली बघून दैवशालाला झालेला आनंद वॉर्डाबाहेरही ऐकू गेला. नर्सनं तिला दटावून गप्प केलं. दोघं नवरा-बायको शेजारच्या खोल्यांत होते आणि एकमेकांना निरोप धाडत होते.

शिवकन्यात दोष निघाला होता. तिनं तो लपवला नाही. ज्याच्याशी सोयरीक जमली त्या बबलूला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. गोळी कायमची लागेल, मुलांत उतरू शकतं, सगळं.  तो म्हणाला, “विचार करून सांगतो.” पाच-सहा दिवस त्याचा फोन आला नाही. हे कळताच रामप्रसादनं पोरीशी बोलणं टाकलं, दैवशालाला तर शिव्याच दिल्या. नंतर बबलू एकटाच आला, रामप्रसादच्या ओसरीवर बसला आणि म्हणाला, “मामा, माझ्या आईला शुगर हाय. ते आम्ही कुठं सांगितलं तुम्हाला? हिनं तर खरं सांगितलं. मला चालतंय.”

लग्न झालं. आदल्या दिवशी हळदीला आलेल्या दैवशालाला रामप्रसादनं बाजूला बोलावलं. तिला वाटलं, आता परत भांडण. तो नजर चुकवत म्हणाला, “माझ्या पण पायात गोळे येतात. कव्हाचेच. त्या मॅडमला इचारशील का?”

“इचारते की,” ती म्हणाली. “पण आधी इथं बस, जेव बराबर. न् दादा, लोणचं नको घिऊ.”