तिरकीवर पाय टेकू नये

मला आधी एक सांगा. डोंगराच्या अंगावरून अरुंद वाट चाललीय. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली नाला, आणि वाटच मुळी नाल्याकडं कललेली. तुम्ही सायकलवर. भरवसा कुणावर ठेवाल? डोंगरावर की नाल्यावर?

डोंगरावर म्हणालात ना? सगळेच म्हणतात. असं म्हणणारा प्रत्येक माणूस मी माझ्या डोळ्यांनी नाल्यात पाहिलाय!

त्याचं असं आहे, की माणूस घाबरला की डोंगराकडं अंग टाकतो. सायकलही तिकडं कलते. ती कलली की चाकं खालून नाल्याकडं सटकतात. वर डोंगराला मिठी मारायला हात पसरलेले, आणि बाकीचा माणूस निघाला खाली! उपाय एकच. सायकल सरळ उभी धरायची, नाल्याकडचं पायडल खाली घ्यायचं आणि सगळा भार त्या पायावर द्यायचा. ज्याची भीती, त्याच्याच बाजूला वजन. मी शिकलो सातवीपर्यंत, बाकीचं बाजारानं शिकवलं. पण ही गोष्ट बाजारानंही सांगितली नव्हती.

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माझं लातुरात सायकलचं दुकान. तिथं एका डब्यात सुटे नटबोल्ट साठत जातात. कुठल्या गाडीचा कुठला, आठवत नाही, फेकवतही नाही. तसं आहे हे. डबा आज तुमच्यापुढं उलटा करतो.

*

सुरुवात माझ्या लोभापासून झाली.

भूकंपानंतर काही वर्षांनी लातुरात क्लासेसचं पीक आलं. निलंगा, चाकूर, नायगाव, कुठून कुठून पोरं यायची. पोरगं आलं की खोली, खोली झाली की मेस, मेस झाली की सायकल. माझं दुकान असं चाललं, की मला वाटलं आता गिअरच्या सायकली मागवाव्यात. डोंगरावर चालणाऱ्या, जाड टायरच्या, पुढं धक्के झेलणारा जंप असलेल्या. मागवल्या.

एक विकली गेली नाही! एका पालकानं पोराला गिअरला हातसुद्धा लावू दिला नाही. मला म्हणाला, "शेट, पोरगं गिअर बदलंल का अभ्यास करंल?"

दुसरा जरा समजूतदार निघाला. त्यानं साधी सायकल घेतली. मी म्हटलं, "हेल्मेट पण न्या."

तो म्हणाला, "आधी रिझल्ट येऊ द्या. डोस्क्यात काही हाय का ते कळंल, मग घिऊ!"

शेवटी गिअरच्या सायकली मी मित्रांच्या गळ्यात मारल्या. एक बसवराज सरांना. ते क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. एक जमीरभाईला, त्याचं गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान माझ्या शेजारी. एक मन्मथअप्पाला, चाकूरकडची बागायत, आणि दिवसभर माझ्या दुकानातला स्टूल. चौथी मी ठेवली. विकून झाल्यावर तिघेही भांडायला आले, "लातुरात चढ कुठाय? गिअर टाकायचे कुठं?"

गिऱ्हाइकाची तक्रार ठेवायची नाही हे माझं तत्त्व. माझा मेहुणा किनवटला असतो. तिकडं सागाच्या जंगलाचे डोंगर आहेत. मी तिघांना सायकलींसकट टेम्पोत घातलं, नांदेडला चहा पाजला आणि चढ दाखवायला किनवटला नेलं. लोक माल विकला की हात झटकतात. मी मालासाठी डोंगर पुरवला!

*

तिथं सापडली ती ही वाट. गुरांच्या पायांनी पडलेली, दगडगोट्यांची, मुळ्यांची, मधे एका मोठ्या खडकाला वळसा घालून जाणारी. आम्ही तिला 'तिरकी' म्हणायचो. उन्हाळ्यात तिच्यावर सागाची वाळकी पानं पडतात, एकेक पापडाएवढं. त्यावर चाक गेलं की ब्रेक, गिअर, देव, कुणीच ऐकत नाही.

पहिल्याच खेपेला आम्ही नियम केला. पडला त्यानं स्वतः मोठ्यानं ओरडायचं, "पडलो!" नुसता पाय टेकला तरी पडलाच. दुसऱ्यानं पाहिलं असलं तरी बोलायचं नाही. ज्याचं त्यानं सांगायचं. आणि एका पडण्याला पडणाऱ्याकडून सगळ्यांना एकेक प्लेट भजी. हिशेब माझ्याकडं, तोंडी.

नियम साधा, माणसं साधी नव्हती. अप्पा एकदा असा गेला, की सायकल झाडावर आणि अप्पा झुडपात. आम्ही वाट बघून राहिलो. ओरडा काही येईना. थोड्या वेळानं झुडपातून आवाज आला, "पडलो न्हाई. उतरलोय!"

जमीरभाईचं उलट. त्याची सायकल झाडाला टेकून उभी होती. वाऱ्यानं पडली. तो लांब बसून डबा खात होता. तिथूनच ओरडला, "पडलो!"

मी म्हटलं, "अरे, तू तर बसलायस!"

"गाडी तो मेरीच है ना शेट!"

*

ह्या जमीरभाईचा कंपनीच्या मालावर विश्वास नाही. सायकल हातात घेतली, उचलून पाहिली आणि म्हणाला, "इत्ती हल्की? ये क्या संभालेगी आदमी कू?" त्यानं दुकानात नेऊन पुढं लोखंडी गार्ड मारलं, जीपला असतं तसलं. वर चांदीचा रंग. सायकल उचलायला आता दोन माणसं लागायची.

तिरकीवर सागाची दोन झाडं जवळजवळ आहेत. मधून सायकल जाते, गार्ड जात नाही. जमीरभाई मोठ्या वेगानं आला, गार्ड दोन खोडांत पाचर मारल्यासारखं बसलं, सायकल जागच्या जागी उभी राहिली. जमीरभाई उभा राहिला नाही!

आम्ही धावत खाली उतरलो. तो नाल्यात उताणा. आम्ही विचारायच्या आत त्यानं मान उचलून वर पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "देखा? गाडी कू कुच्छ नै हुआ!"

*

अप्पाची गोष्ट वेगळी. भूकंपात त्याच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. तेव्हापासून अप्पा दगडी भिंतीच्या घरात झोपत नाही. पुढं स्लॅबचं घर बांधलं, तरी स्वतः अंगणात पत्र्याखाली. आणि हाच माणूस तिरकीवरच्या सुट्या गोट्यांवरून बिनधास्त जायचा. मी विचारलं, "अप्पा, इथं भीती वाटत न्हाई?"

म्हणाला, "घराखालची जमीन हलती, तवा फसवणूक व्हती. हितली सांगून हलती!"

मेहुण्याचं किनवटचं घर दगडी. अप्पानं उंबरठ्यातूनच भिंतींना नमस्कार केला आणि झोपायला टेम्पोत गेला, सायकलींच्या मधे. सकाळी टेम्पोवाल्याला डिझेल टाकायचं होतं. मागं कोण झोपलंय ते त्यानं पाहिलं नाही. पहिल्याच खड्ड्याला अप्पाला जाग आली. बाजाराच्या ऐन चौकात टेम्पोतून एक उघडा माणूस ओरडत उडी मारून पळाला, "भायेर या! हालून राहिलंय! भायेर या!"

अर्धं किनवट बाहेर आलं.

मेहुणा मला म्हणाला, "दाजी, तुम्ही येत जा. पण पाहुणे जरा बघून आणत जा!"

*

एकदा जंगलखात्याच्या गार्डानं धरलं. सागाची चोरी चालते त्या भागात. त्याचा संशय रास्त होता. टायर काठीनं ठोकून पाहिले, पिशव्या उघडल्या. पिशव्यांत भजी.

"रस्ता चुकलात का? डांबरी त्या अंगाला हाय."

सर म्हणाले, "नाही, आम्ही मुद्दाम ह्या वाटेनं आलोय."

"पडत न्हाई का हितं?"

"पडतो की."

"मग?"

"पुन्हा येतो."

गार्डानं आम्हा चौघांकडं निरखून पाहिलं. चौघांचेही केस पिकायला लागलेले, गुडघे फुटलेले. मग आवाज खाली आणून सरांना विचारलं, "घरी काही भांडण झालंय का?"

*

आता सरांचं सांगतो. खरं दुखणं तिथंच होतं.

आम्हा तिघांना तिरकी कधी ना कधी जमली होती. अप्पाला तर तीनदा. सरांना एकदाही नाही. आणि भौतिकशास्त्र फक्त त्यांनाच यायचं! तिरकीच्या तोंडाशी बसून ते काडीनं मातीत आकृती काढायचे. इकडं वजन, तिकडं घर्षण, हा बाण, तो बाण. आकृती सुंदर यायची. मग सर सायकलवर बसायचे आणि वळणाच्या खडकापाशी बाण सोडून सगळं खाली जायचं.

जमीरभाई आकृतीकडं बघून म्हणायचा, "सर, इसमें सागवान का पत्ता किधर है?"

एवढ्यावर भागलं असतं. पण सरांनी वर्गात घर्षण शिकवताना पोरांना सांगून टाकलं, "किनवटला एक वाट आहे. मी दर महिन्याला तिच्यावरून पाय न टेकता जातो. का? फिजिक्स येतं म्हणून!"

पोरांनी ते धरलं. "सर, आम्हाला दाखवा." सरांनी पावसाळ्याचं कारण दिलं, मग परीक्षेचं, मग टायरचं. तेवढ्यात समोरच्या गल्लीत नवा क्लास निघाला. तिथले सर तरणे, जीन्स घालणारे. ते भर वर्गात म्हणाले, "ज्याला फिजिक्स येतं तो पडत नाही. ज्याला फेकता येतं त्याला दाखवता येत नाही!"

लातुरात अशी गोष्ट गल्ली ओलांडायला वेळ लागत नाही. सरांची बॅच चुळबूळ करू लागली. काही पोरांनी समोरची फी विचारूनही ठेवली. घराचं काम अर्धं झालेलं, त्यात पोरगी इंजिनिअरिंगला. बॅच फुटली असती तर सर बुडाले असते. त्यांनी दातओठ खाऊन जाहीर केलं, "सहल. किनवट. सगळ्यांनी यायचं."

मला मात्र दुकानात येऊन म्हणाले, "शेट, मेलो."

*

पुढचा महिनाभर आम्ही त्यांच्याकडून तालीम करून घेतली. माझ्या दुकानामागं वाळूचा ढीग होता. त्याच्या उतारावर फळी टाकून अप्पानं नकली तिरकी केली. सर संध्याकाळी क्लास सुटला की यायचे. अप्पा ओरडायचा, "सर, नाल्याकडच्या पायावर! डोंगर सासुरवाडी न्हाई तुमची, टेकू नका!"

बघायला गल्ली जमायची. एक म्हातारी रोज यायची. शेवटी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "शेट, मास्तरला कुणी बाहेरचं केलंय का? अशी फेरी कुणी सांगितली?"

*

सहलीची बस आली. सकाळचं ऊन सागातून खाली उतरलेलं. निम्मी पोरं तिरकीच्या सुरुवातीला, निम्मी शेवटाला. मधलं वळण खडकाआड, तिथून कुणालाच काही दिसत नाही. तिथं मी एकटा उभा, सर घसरले तर धरायला.

सर निघाले. आकृती काढली नाही. सायकल सरळ, नाल्याकडचा पाय खाली, नजर पुढं. वळणावर पुढचं चाक पानावर गेलं, सटकलं, आणि सरांनी डोंगराकडचा पाय पटकन खडकाला टेकवला. टेकवला, उचलला आणि गेले पुढं. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ.

मी तोंड वर करून सागाच्या शेंड्याकडं पाहू लागलो. ज्याचं त्यानं सांगायचं, हा आमचा नियमच होता.

वाटेच्या शेवटाला एकच कल्ला उठला. शिट्ट्या, टाळ्या. मी पळत तिथं पोचलो, तर अप्पा डोळे पुसून राहिलेला आणि जमीरभाई पोरांना सांगत होता, "वाळू का ढेर मेरी दुकान के बाजू में है!"

सर सायकलवरून उतरले नव्हते. हँडल धरून तसेच बसून होते. म्हणाले, "पडलो."

पोरं हसली. त्यांना वाटलं, चेष्टा.

"पडलो म्हणतोय. वळणावर पाय टेकला."

हसणं थांबलं. नायगावची एक मुलगी पुढं होती. ती म्हणाली, "पण सर, आम्हाला तर दिसलं न्हाई."

"खडकाआड झालं."

"मग दर महिन्याला जाता म्हणालात, ते?"

सरांनी एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा पोरांकडं. "एकदाही नाही."

जमीरभाई माझ्या कानाशी पुटपुटला, "गई बॅच."

पोरं एकमेकांकडं बघून राहिली. मग ती मुलगी म्हणाली, "सर, परत एकदा जाऊन दाखवा ना. पडला तरी चालंल. ह्यावेळी आम्ही वळणावर उभं राहतो."

पोरं धावतच खडकाकडं गेली. सर सायकल ढकलत पुन्हा सुरुवातीला. वळणावर आता सगळी बॅच, मी आणि पानं. सर आले. छान आले. सायकल सरळ, पाय खाली. ऐन खडकापाशी त्यांची नजर पोरांच्या तोंडांकडं गेली, अंग डोंगराकडं कललं, आणि सायकल, सर, पाण्याची बाटली, सगळं ओळीनं नाल्यात!

सरांनी तोंड उघडायच्या आत अख्खी बॅच एका सुरात ओरडली, "पडलो!"

खाली पाचोळा हलला. त्यातून सरांचं डोकं वर आलं. केसांत पानं, चष्मा एका कानाला. चेहरा असा, की मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पोरांकडं पाहिलंच नाही. थेट माझ्याकडं बोट केलं आणि नाल्यातून ओरडले,

"शेट, हा दुसरा! पहिला झाला तवा तुम्ही झाडाचा शेंडा बघून राहिलते. तो गाळू नका. भज्यांचा हिशेब खरा ठेवा बरं का!"