तीन पोच्यांचा डबा

सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याला, लहानपणी मेंदूचं ऑपरेशन झाल्यापासून, चेहरे लक्षात राहत नाहीत. तो गिऱ्हाईक डब्यावरून ओळखतो. मी नऊ वर्षं दर सोमवारी पाच किलो ज्वारी दळून नेतो. परवा डबा नवा नेला.

"नवीन ऱ्हायला आला व्हय?"

"अरे, मी गुडघेदुखीवाला!"

"त्ये काका येगळे. त्यांच्या डब्याला तीन पोचे हायत." मग हळूच म्हणाला, "आज सोमवार, अजून आले न्हाईत. बरं असतील न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी जुन्या डब्यात गहू नेले. त्याने पोच्यांवरून बोट फिरवलं आणि चेहरा खुलला.

"काका, जपून ऱ्हावा. काल एकजण तुमचं नाव सांगून दळण घेऊन गेला."

"दिलंस?"

"दिलं की. पर तुमच्यासारखं बारीक न्हाई."

रात्रीची भाकरी का चिरली, ते तेव्हा कळलं.